ॲरिझोनात रानमेंढ्यांच्या शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे का बंद झाले?

नमस्कार मंडळी! आज अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या रानमेंढ्यांबद्दल बोलूया, डेझर्ट बिगहॉर्न म्हणतात त्यांना. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, लडाखच्या शापोला, म्हणजे तिथल्या रानमेंढीला, कोणी हात लावला तर तुरुंगच. तिथे मात्र लॉटरीत टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागला तर शिकार कायदेशीर, आणि डेझर्ट बिगहॉर्नचा एडका माणसाला आयुष्यात एकच मारता येतो. मग काय, टॅग लागला की लोक डिसेंबरच्या सीझनआधी महिनोन्महिने डोंगर पिंजून काढतात.

बंदीच्या आधी यासाठी लोक ट्रेल कॅमेरेही लावायचे, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. पण असा कॅमेरा लावायचा कुठे? उघड्या डोंगरावर ही जनावरं कुठूनही उतरतात, त्यामुळे वाटेवर लावलात तर बरेचदा हलत्या झुडपांचेच फोटो मिळणार. पण उन्हाळ्यात एक जागा चुकत नाही, ती म्हणजे पाणी. हिवाळ्यात ओल्या चाऱ्यावर हा प्राणी आठवडेच्या आठवडे पाण्याशिवाय काढतो, पण जून-जुलैत त्याला दर थोड्या दिवसांनी पाणवठ्यावर यावंच लागतं. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे ठेवायचं, नाहीतर सकाळ-संध्याकाळच्या उन्हाने फोटो पांढरेफटक येतात. आणि त्याचा सेन्सर अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यातला फरक पकडतो ना, म्हणून भर दुपारी दगड तापले की एडका समोरून गेला तरी कधीकधी फोटोच निघत नाही.

फोटो मिळाला की शिंगं बघायची. दरवर्षी एक खोल रेघ पडते, ती मोजली की वय कळतं, पण म्हाताऱ्या एडक्याच्या शिंगांची टोकं मोडून बोथट झालेली असतात, त्यामुळे सुरुवातीची गेलेली वर्षं अंदाजाने धरावी लागतात.

पण फोटो जुलैचा आणि शिकार डिसेंबरची! मधे एडके माजावर येतात, माद्यांमागे लांब लांब फिरतात, मग थंडी पडली की पाण्याची गरजही कमी होते. म्हणजे असा एडका या डोंगरात आहे एवढंच कॅमेरा सांगणार, नक्की कुठे आहे ते दुर्बीण लावून तासन्‌तास बसल्याशिवाय कळत नाही.

तरी पाणवठ्यांवर कॅमेऱ्यांची गर्दी झालीच, कोण बॅटरी बदलायला येतंय, कोण कार्ड काढायला, आणि तहानलेली जनावरं वर कड्यावर ताटकळत उभी. शेवटी जून २०२१मध्ये ॲरिझोनाच्या वन्यजीव आयोगाने शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायला बंदी घातली, १ जानेवारी २०२२पासून ती लागू झाली. शेजारच्या नेवाडातही ऑगस्ट ते डिसेंबर सरकारी जमिनीवर असे कॅमेरे लावता येत नाहीत. मला हे शंभर टक्के पटतं, कारण जिथे यावंच लागतं तिथे जनावराला गाठणं म्हणजे शिकार नाही, त्याच्या तहानेचा फायदा घेणं आहे.

तुमच्यापैकी कोणी तिकडे राहत असेल आणि नुसते फोटो काढायला कॅमेरा लावायचा असेल तर आधी तिथला चालू नियम वाचा, कॅमेरा पाण्यापासून लांब लावा आणि उन्हाळ्यात कार्ड काढायला सारखे सारखे जाऊ नका.