सापळ्यातले पतंग, एक्सेलच्या तारखा आणि गॅलक्सी

नमस्कार मंडळी! आज कपाशीच्या वावरातून सुरुवात करू. गुलाबी बोंडअळीसाठी लावलेले कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढून घेणारे सापळे, तुम्ही पाहिले असतील. २०१७ च्या हंगामात या अळीनं विदर्भात काय केलं, ते मी सांगायला नको. सापळ्याचा हिशोब असा: सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग सापडले, की उपाय करायची वेळ आली. हे आकडे रोज कुणीतरी वहीत लिहितं आणि मग एक्सेलमध्ये भरतं.

[स्क्रीनवर: तारखांचा रकाना]

हा रकाना नीट बघा. ५/९, म्हणजे ५ सप्टेंबर. पण संगणकाची सेटिंग अमेरिकी पद्धतीची असेल, तर एक्सेल त्याला ९ मे समजतं. ६/९ झालं ९ जून. ७/९ झालं ९ जुलै. आणि १३/९? तेरावा महिनाच नसतो, म्हणून ते नुसता मजकूर म्हणून पडून राहतं. म्हणजे ९/९ सोडलं तर पहिल्या १२ दिवसांतला प्रत्येक दिवस भलत्याच महिन्यात गेला आणि १३ तारखेपासून पुढे तारीखच उरली नाही. आता 'सलग ३ रात्री' शोधायच्या कुठून? एक्सेल तर काही चुकलंय असं सांगतही नाही!

बरं, कुणी हातानं सगळं दुरुस्त केलं, तरी काय बदललं याची नोंद कुठेच राहत नाही. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी तोच डेटा घेऊन बसला, की त्याचं उत्तर वेगळं येतं. कुणाचं खरं मानायचं?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०१६ मध्ये जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले शोधनिबंध तपासले गेले. साधारण पाचातल्या एका निबंधात जनुकांची नावं बिघडलेली निघाली. 'मार्च१' नावाच्या जनुकाची एक्सेलनं सरळ १ मार्च ही तारीख करून टाकली होती. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनंच माघार घेतली आणि त्याचं 'मार्चएफ१' केलं.

म्हणून मूळ डेटाला हात लावायचा नाही. त्यावर जे काही कराल, ते लिहिलेल्या सूचनांतून करायचं. त्यासाठी आर किंवा पायथन या संगणकाच्या भाषा वापरा, दोन्ही फुकट आहेत. 'आधी दिवस, मग महिना' ही एक ओळ लिहिली, की ती कुणीही वाचू शकतं, तपासू शकतं, पुन्हा चालवू शकतं.

कोडची भीती वाटते? मग गॅलक्सी बघा. डेटाचं विश्लेषण करायचं, २००५ पासून चालू असलेलं हे मुक्त स्रोत व्यासपीठ ब्राउझरमध्येच उघडतं.

[स्क्रीनवर: गॅलक्सीची उजवी बाजू]

उजवीकडे ही 'हिस्टरी'. तुमची प्रत्येक कृती इथे एक चौकट होऊन बसते. राखाडी म्हणजे रांगेत, पिवळी म्हणजे काम चालू, हिरवी म्हणजे झालं, लाल म्हणजे फसलं. हिरव्या चौकटीवर क्लिक करा: कोणतं साधन, त्याची कोणती आवृत्ती, कोणते पर्याय निवडले, सगळं लिहिलेलं आहे. हे बटण दाबलं, की त्याच पर्यायांसह ती पायरी पुन्हा चालवता येते. सगळ्या पायऱ्या मिळून एक 'वर्कफ्लो' बनवता येतो आणि त्याची लिंक कुणालाही पाठवता येते. मला स्वतःला ही नोंद सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती ठेवायला वेगळी आठवण लागत नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी असते: लाइट आणि नेट. पण काम गॅलक्सीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या संगणकावर चालतं. मध्येच लाइट गेली, तरी सुरू केलेलं काम थांबत नाही. सार्वजनिक संग्रहातला डीएनएचा डेटा हवा असेल, तर त्याचा क्रमांक द्या. सर्व्हर तो थेट ओढून घेतो, तुमचा मोबाइल डेटा संपत नाही. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. खाऱ्या पाण्यात कोणते जीव आहेत, हे डीएनएवरून ओळखायची साधनं इथे आहेत. मेहकरच्या कॉलेजातली मुलगी ती वापरू शकते, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

शिकायचं कुठे? गॅलक्सी ट्रेनिंग नेटवर्कवर जगभरच्या लोकांनी लिहिलेले धडे आहेत, सरावाच्या लहान डेटासकट, पूर्ण मोफत. शिक्षकांनो, हे खास तुमच्यासाठी: वर्ग घ्यायचा असेल, तर गॅलक्सीच्या युरोपातल्या सर्व्हरवर आधी अर्ज करा. तुमच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी संगणकीय जागा राखून मिळते, रांगेत ताटकळावं लागत नाही. धडे बहुतेक इंग्रजीत आहेत, हे खरं. पण पायथन आणि लिब्रेऑफिसचा (एक्सेल-वर्डसारखी मोफत साधनं) पाया पक्का करायचा, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवर मराठीत व्हिडिओ आहेत.

आज एवढंच करा. खातं उघडा, पहिला प्रास्ताविक धडा पूर्ण करा आणि हिस्टरीची लिंक दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला पाठवा. तिला फोनवर काहीही समजावून सांगू नका. तिनं नुसत्या त्या नोंदीवरून तेच उत्तर काढून दाखवायचं. जिथे ती अडेल, त्या चौकटीला टीप जोडा आणि लिंक पुन्हा पाठवा.