छातीतली पाण्याची गाठ

नमस्कार श्रोतेहो. मेंढरं राखणाऱ्या घरातला सोळा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा टीबीच्या गोळ्यांचा त्याचा चौथा महिना चालू होता. खोकला काही हटत नव्हता. बेडका दोनदा तपासला, दोन्ही वेळा जंतू सापडले नाहीत. पण एक्स-रेत डाग होता, म्हणून औषध सुरू झालेलं. मी त्याच्या आईला विचारलं, “खोकल्यातून कधी वेगळं काही पडलं का हो?” ती म्हणाली, “एकदा भसकन तोंडभर खारट पाणी आलं. त्यात द्राक्षाच्या सालीसारखं कायतरी होतं. आम्ही वर माती लोटली.” हे तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

ही हायडॅटिड सिस्ट, म्हणजे एका जंतामुळे शरीरात होणारी पाण्याची गाठ. कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा एक पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा जंत राहतो, एकिनोकॉकस. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर, भाजीवर, पाण्यात जातात, कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. चाऱ्यातून मेंढीच्या पोटात, आणि न धुतलेल्या हातातून आपल्या. मेंढी कापल्यावर गाठ असलेलं काळीज-फोफसं कुत्र्यापुढे टाकलं, की फेरा पुन्हा सुरू. माणसात गाठ बहुधा यकृतात होते, त्याखालोखाल फुप्फुसात. फुप्फुस स्पंजासारखं मऊ, त्यामुळे तिथं ती बिनबोभाट वाढत राहते, कधी कधी वर्षानुवर्षं.

न फुटलेली गाठ एक्स-रेत गुळगुळीत पांढऱ्या चेंडूसारखी दिसते. माणूस पन्नाशीचा आणि विडी ओढणारा असला, की आधी कॅन्सरची शंका येते. फुटून पू झाला तर ती टीबीची पोकळी वाटते. आतलं सुटलेलं आवरण पाण्यावर कमळाच्या पानासारखं तरंगताना दिसलं तर निदान सोपं, पण ते प्रत्येकात दिसत नाही.

मग रक्त तपासा, असं तुम्ही म्हणाल. इथंच फसगत होते. ही तपासणी परजीवीविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. गाठ शाबूत असेल तर परजीवी जाड आवरणात बंद असतो, शरीराला त्याची नीट चाहूलच लागत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी फुप्फुसातली गाठ नाकारता येत नाही. उलट दुसऱ्या एखाद्या जंतामुळेही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो.

मला खरी धास्ती सुईची वाटते. कॅन्सर समजून नमुन्यासाठी सुई घातली आणि आतलं पाणी सांडलं, तर तीव्र ॲलर्जीने रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. शिवाय परजीवी छातीत पसरतात. म्हणून सुईआधी सीटी स्कॅन, यकृताची सोनोग्राफी, आणि एक साधा प्रश्न: घरी कुत्रा, मेंढरं आहेत का? जंताचं औषधही मनानं घेऊ नका, त्यानं फुप्फुसातली गाठ फुटू शकते. आणि खोकल्यातून तसं पाणी, तशी साल पडली, तर माती लोटू नका. स्वच्छ बाटलीत घालून डॉक्टरांकडे न्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात परजीवीचे बारीक आकडे सापडू शकतात.

त्या मुलाचं ऑपरेशन झालं, तो बरा झाला. घरातला कुत्रा एकच, म्हणून धाकट्या बहिणीचीही सोनोग्राफी केली. तिच्या यकृतात लिंबाएवढी गाठ निघाली. तिला कसलाच त्रास नव्हता.