केटीनंतरचे प्रश्न

दुपारचा दीड वाजला आहे. हिंजवडीतल्या या खोलीत पुण्याचा गट जेवण उरकून पडद्यासमोर बसला आहे आणि पडद्यापलीकडे, जर्मनीत, सकाळचे दहा वाजले आहेत. आज केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर आहे. बिलिंगची जुनी प्रणाली वर्षानुवर्षे सांभाळणारा अभियंता ती पुण्याच्या हाती सोपवतो आहे.

आकृत्या एकामागून एक सरकतात. मध्येच थांबून तो विचारतो, “काही शंका?” सगळे माइक बंदच राहतात. विषय समजला, असे मानून तो पुढे जातो, कारण न कळलेले भर बैठकीत विचारणे हा त्याच्या लेखी कामाचाच भाग आहे. इकडे मात्र जाणत्या माणसाला मध्ये तोडू नये, ही शिकवण शाळेपासूनची आहे. शिवाय शेजारी व्यवस्थापक बसले असताना आपल्याला कळले नाही असे सांगणे म्हणजे त्यांनाही खाली पाहायला लावणे, असे अनेकांना मनापासून वाटते.

डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांची १९६७ ते १९७३ या काळातील उत्तरे तपासली. अधिकारातली उतरंड समाज किती सहज स्वीकारतो, हे दाखवणाऱ्या त्यांच्या निर्देशांकात भारताला ७७ गुण आहेत, तर जर्मनीला ३५. ही देशाची सरासरी आहे, तिच्यावरून कोणा एकाचा स्वभाव ठरवू नये. पण सर्वांसमोर विचारण्याची रीत कोणाच्या अंगवळणी पडलेली असेल, याचा अंदाज तिच्यातून येतो.

बैठक संपते आणि चहाच्या टपरीवर वह्या उघडतात. रकमेचे पूर्णांकन, म्हणजे राउंडिंग, दोनदा का होते? प्रणालीत रात्री चालणारे काम अर्धवट थांबले, तर ते पुन्हा कुठून सुरू करायचे? प्रश्न नेमके आहेत, पण ते जर्मनीपर्यंत पोहोचत नाहीत. पुढे त्यांचेच फेरकाम होते आणि अपरात्री फोन वाजतात.

म्हणून या गटाने उलटी केटी सुरू केली. प्रश्न आदल्या दिवशी, नावाविना, सामायिक फाइलमध्ये लिहिले जातात. मग पुण्यातली सर्वांत नवी अभियंता फळ्यावर प्रणाली समजावते आणि जर्मन सहकारी ऐकतो. ती दुसऱ्या पूर्णांकनापाशी अडते, तेव्हा तो एका जुन्या ग्राहकासाठी घेतलेला निर्णय सांगतो. तो कोणत्याच दस्तऐवजात नव्हता, कारण तो सगळ्यांना ठाऊकच आहे, असे तिकडे गृहीत धरलेले होते. कोणाही नवख्याला धीट होण्याचा उपदेश करावा लागला नाही. वेळापत्रकात या बैठकीसाठी वेगळे तास धरले गेले, आणि ते प्रत्येक प्रकल्पात धरले जायला हवेत.