तीन विजय मिळवणारे मागे, दोन विजयांचा चालक विजेता: कनिष्ठ सिंगल सीटर शर्यतींचा हंगाम कसा वाचावा

नमस्कार. नवी मुंबईच्या रस्त्यांवर मोटार शर्यत भरवण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली, तेव्हापासून ठाणे, ऐरोली, नेरुळ, खारघर अशा भागांतून पालक आपल्या वाहिनीला सातत्याने एक प्रश्न विचारत आहेत. मुलगा किंवा मुलगी कार्टिंगमध्ये चांगली कामगिरी करते आहे; उद्या ती फॉर्म्युला ४ च्या (सिंगल सीटर, म्हणजे एकाच आसनाच्या शर्यतगाड्यांची पहिली पायरी; त्यावर फॉर्म्युला ३, २ आणि सर्वोच्च १) गाडीत बसली, तर तिचा हंगाम चांगला गेला की वाईट, हे आम्ही ओळखायचे कसे? किती शर्यती जिंकल्या हे मोजणे सर्वांत सोपे असते आणि बहुतेक जण तेवढेच मोजतात. मला हा हिशेब अपुरा वाटतो. त्याचे कारण २०२० च्या फॉर्म्युला ३ हंगामाच्या आधारे सांगतो.

त्या हंगामात तीस गाड्या होत्या आणि सर्व गाड्या एकाच बनावटीच्या होत्या: डल्लारा कंपनीचा सांगाडा, मेकाक्रोमचे ३.४ लिटरचे व्ही ६ इंजिन, सुमारे ३८० अश्वशक्ती आणि पिरेलीचे टायर. फॉर्म्युला १ मध्ये प्रत्येक संघ स्वतःची गाडी घडवतो, त्यामुळे तेथे गाडीचा वेग आणि चालकाचे कौशल्य वेगळे काढणे अवघड असते. कनिष्ठ मालिकांमध्ये मात्र गाडी सारखीच ठेवली जाते आणि फरक चालकाच्या हातात, अभियंत्याच्या जुळणीत आणि संघाच्या शिस्तीत उरतो. एका फेरीत, म्हणजे एका ट्रॅकवरील आठवडाअखेरीच्या स्पर्धेत, सरावासाठी पाऊण तास, पात्रतेसाठी (सुरुवातीचा क्रम ठरवण्यासाठी) अर्धा तास आणि त्यानंतर दोन शर्यती, एवढाच वेळ मिळे. दुसऱ्या शर्यतीत आघाडीच्या काही चालकांचा क्रम उलटा करून गाड्या उभ्या केल्या जात, म्हणजे पहिल्या शर्यतीत पुढे राहिलेल्याला दुसऱ्या शर्यतीत गर्दीतून वाट काढावी लागे.

आता गुणतक्ता पाहू. त्या वर्षी फ्रेडरिक वेस्टी आणि लियाम लॉसन यांनी प्रत्येकी तीन शर्यती जिंकल्या आणि ते अनुक्रमे चौथ्या व पाचव्या स्थानावर राहिले. विजेता ठरलेल्या ऑस्कर पियास्त्रीने दोनच शर्यती जिंकल्या, आणि संपूर्ण हंगामात त्याला एकदाही पोल पोझिशन (पात्रतेत पहिले येऊन मिळणारी सुरुवातीची पहिली जागा) मिळाली नाही. हे वाचून अनेकांना तो नशीबवान वाटतो. मला तसे वाटत नाही. शनिवारी आठवा आलेला चालक रविवारी तिसरा येतो, पात्रता फेरी बिघडली तरी शर्यतीत तीन-चार जागा वर सरकतो आणि धडक टाळून गुण घेऊन परततो, हे एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल, अठरा शर्यतींच्या हंगामात पुन्हा पुन्हा घडले तर ते कौशल्यच होय.

शेवटची फेरी इटलीतील मुजेल्लो येथे झाली. अखेरच्या शर्यतीपूर्वी पियास्त्री आणि त्याचाच संघसहकारी लोगन सार्जंट या दोघांचे १६० गुण होते, आणि थिओ पुर्शेर फार मागे नव्हता. ट्रॅकच्या पहिल्याच फेऱ्यात झालेल्या धडकेमुळे सार्जंटची शर्यत संपली. पुर्शेर तिसरा आला आणि १६१ गुणांवर पोहोचला. पियास्त्री सातवा आला, त्याला चार गुण मिळाले आणि १६४ गुणांवर तो विजेता ठरला. ती शर्यत लॉसनने जिंकली होती, हेही येथे नोंदवून ठेवले पाहिजे. पुढच्याच वर्षी पियास्त्री फॉर्म्युला २ चा विजेता झाला आणि २०२३ मध्ये फॉर्म्युला १ मध्ये उतरला.

हंगामातील अंतिम क्रमांकाला एवढे महत्त्व असण्याचे आणखी एक कारण म्हणजे सुपर लायसन्स, म्हणजे फॉर्म्युला १ मध्ये गाडी चालवण्यासाठी लागणारा परवाना. त्यासाठी साधारणपणे तीन हंगामांत मिळून ४० गुण जमवावे लागतात; हे गुण शर्यतींच्या गुणांपेक्षा वेगळे असून हंगामातील अंतिम क्रमांकावरून मिळतात. फॉर्म्युला ४ च्या विजेत्याला १२ आणि फॉर्म्युला ३ च्या विजेत्याला ३० गुण मिळतात. फॉर्म्युला २ मधील पहिल्या तिघांना मात्र एकाच हंगामात पूर्ण ४० मिळतात. किती शर्यती जिंकल्या, असा रकाना या हिशेबात नाही. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला २०१९ मध्ये फॉर्म्युला ३ मध्ये तिसरा आला, आणि त्या तिसऱ्या क्रमांकाला २० गुण होते.

फॉर्म्युला ४ साठी चालकाचे वय किमान पंधरा वर्षे असावे लागते, आणि भारताची स्वतःची फॉर्म्युला ४ मालिका २०२३ च्या हंगामापासून आहे. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टै आणि कोइम्बतूरचा कारी हे या खेळाचे जुने आधार असलेले ट्रॅक ठाण्यापासून रस्त्याने हजार किलोमीटरहून अधिक दूर आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना गाडी चालवण्याचे तास दक्षिणेतल्या मुलांपेक्षा कमी मिळतात. ही उणीव खरी आहे, आणि पहिल्या हंगामातल्या निकालांकडे पाहताना ती लक्षात न घेणे मुलांवर अन्याय करणारे आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी की हंगाम संपल्यावर करंडक मोजण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, किती शर्यती पूर्ण झाल्या. दुसरी, सुरुवातीच्या जागेपेक्षा शेवटची जागा किती वेळा वर होती. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: त्याच संघातील, तशाच गाडीतील सहकाऱ्याच्या तुलनेत फेऱ्याची वेळ हंगामाच्या सुरुवातीला किती मागे होती आणि शेवटी किती राहिली. ही माहिती प्रत्येक गाडीच्या नोंदयंत्रात साठवलेली असते. संघाकडे ती मागण्यात संकोच करू नये, आणि एखादी शर्यत अपुरी राहिली असेल, तर कारण यांत्रिक होते की चालकाचे, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.