साडेचौतीस टक्के मतं आणि १५४ जागा : १९७७ च्या निकालाचं गणित

श्रोतेहो, नमस्कार.

१८ जानेवारी १९७७ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून लोकसभेच्या निवडणुका जाहीर केल्या. १६ ते २० मार्च या काळात मतदान झालं, २० तारखेला मोजणी सुरू झाली आणि २२ मार्चला त्यांनी राजीनामा दिला. १९४७ पासून सलग तीस वर्षं दिल्लीत सत्तेवर असलेला काँग्रेस पक्ष ६३ दिवसांत विरोधी बाकांवर गेला. हे कसं घडलं, असं कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : आणीबाणीचा राग. ते खरंच आहे. पण आपल्या निवडणूक पद्धतीत लोकांच्या रागाच्या आपोआप जागा होत नाहीत, त्यासाठी बरंच काही जुळून यावं लागतं. आज बोलायचं आहे ते या जुळून येण्याबद्दल.

आधी आकडे पाहू. १९७१ मध्ये काँग्रेसला ४३.६८ टक्के मतं आणि ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या होत्या. १९७७ मध्ये मतं ३४.५२ टक्के झाली आणि जागा उरल्या ५४२ पैकी १५४. म्हणजे मतं सुमारे नऊ टक्क्यांनी घटली, तर जागा थेट निम्म्याहून खाली आल्या. समोरच्या जनता पक्षाला ४१.३२ टक्के मतांवर २९५ जागा मिळाल्या. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. काँग्रेसला तोवर एकाही लोकसभा निवडणुकीत निम्मी मतं मिळालेली नव्हती. १९५७ हे तिचं सर्वांत चांगलं वर्ष, तेव्हाही मतं ४७.७८ टक्केच होती. देशातल्या बहुसंख्य मतदारांनी प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं, पण ती मतं चार-पाच ठिकाणी विखुरलेली असायची. तीस वर्षांची सत्ता या विखुरण्यावरही उभी होती.

एक मतदारसंघ डोळ्यांसमोर आणा. वैध मतं ४ लाख. सत्ताधारी उमेदवाराला १ लाख ७५ हजार. विरोधात तिघं, त्यांना १ लाख, ७५ हजार आणि ५० हजार. बेरीज केली तर विरोधकांची मतं २ लाख २५ हजार होतात, पण निवडून येतो सत्ताधारीच, आणि तोही पाऊण लाखाच्या फरकाने. आता तिघांनी मिळून एकच उमेदवार दिला तर? कागदावर तो ५० हजारांनी जिंकतो. प्रत्यक्षात मतं इतकी नीट सरकत नाहीत. ज्यांचा उमेदवार मागे घेतला गेला, असे मतदार आहेत सव्वा लाख. त्यांच्यातले पाचांत एक, म्हणजे २५ हजार, नाराज होऊन घरी बसले तर विरोधक २५ हजारांनी जिंकतो. तेच २५ हजार घरी न बसता सत्ताधाऱ्याकडे गेले, तर दोन्हीकडे दोन-दोन लाख होऊन बरोबरी होते. आघाड्या मोडतात त्या इथे. नेत्यांनी हात मिळवले तरी, ज्या पक्षाशी वर्षानुवर्षं भांडलो त्याच्या चिन्हावर शिक्का मारायला मतदाराचा हात धजावत नाही.

१९७१ मध्ये नेमकं हेच झालं होतं. संघटना काँग्रेस (१९६९ च्या फुटीनंतरचा इंदिराविरोधी गट), जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि संयुक्त समाजवादी पक्ष यांनी बडी आघाडी केली. पण पक्ष चार, चिन्हं चार, कार्यकर्ते चार तऱ्हेचे. चरणसिंगांचा भारतीय क्रांती दल उत्तर प्रदेशात वेगळाच लढला. आघाडी सपशेल आपटली.

१९७७ मध्ये फरक काय पडला? पहिला फरक, पक्ष एक झाले. मोरारजी देसाईंची सुटका १८ जानेवारीलाच झाली आणि २३ जानेवारीला जनता पक्षाची स्थापना झाली. त्यात संघटना काँग्रेस, जनसंघ, चरणसिंगांचा भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष होते. या चौघांचे कार्यकर्ते एकोणीस महिने एकाच तुरुंगात, एकाच बराकीत राहिलेले होते. आणीबाणीत मिसा, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदा, आणि भारत संरक्षण नियमांखाली एक लाखाहून जास्त माणसं आत होती. आघाडीत सर्वांत अवघड असतं ते खालच्या कार्यकर्त्यांचं मन जुळणं. ते काम सरकारनेच, नकळत, तुरुंगात करून ठेवलं होतं.

पण नवा पक्ष जाहीर झाला म्हणून त्याला निवडणूक चिन्ह मिळत नाही. १९६८ च्या चिन्ह आदेशानुसार राखीव चिन्ह मिळतं ते मान्यताप्राप्त पक्षाला. हातात आठ आठवडे असताना नव्या पक्षाची नोंदणी, मान्यता, चिन्ह या खटपटीत पडणं म्हणजे राज्याराज्यात वेगवेगळी मोकळी चिन्हं घेऊन लढण्याचा धोका. म्हणून एक साधा आणि शहाणपणाचा मार्ग निघाला. भारतीय लोकदलाकडे चक्रातला नांगरधारी शेतकरी हे चिन्ह होतं. बहुतेक सगळे उमेदवार कागदोपत्री लोकदलाचे म्हणून उभे राहिले. मोरारजीभाई, अटलबिहारी वाजपेयी, मधु दंडवते, सगळ्यांच्या नावापुढे चिन्ह तेच. निवडणूक आयोगाच्या अहवालात आजही त्या २९५ जागा ‘भारतीय लोकदल’ या नावाखालीच सापडतात. तामिळनाडूत संघटना काँग्रेस आपल्याच चिन्हावर लढली आणि तिच्या तीन जागा वेगळ्या मोजल्या गेल्या. त्या धरून कुणी २९८ म्हणतं. दोन आकड्यांच्या गोंधळाचं मूळ हे आहे.

एका चिन्हाचा उपयोग मतदान केंद्रावर कळतो. तेव्हा मतपत्रिका होत्या आणि मतदारांत निरक्षरांचं प्रमाण मोठं होतं. काँग्रेसचं चिन्ह तेव्हा गाय-वासरू होतं. प्रचारात ‘गाय-वासरू नको, नांगरवाल्यावर शिक्का मारा’ एवढं सांगितलं की पुरे. भिंती रंगवणाऱ्याला आणि शेजारच्या तालुक्यात मदतीला जाणाऱ्या कार्यकर्त्यालाही वेगळं काही शिकवावं लागत नव्हतं. शिवाय देशभर मिळून उमेदवारच कमी उभे राहिले. १९७१ मध्ये २,७८४ होते, १९७७ मध्ये जागा वाढूनही २,४३९. एका जागेमागे सरासरी साडेपाचाच्या जवळपास होते, ते साडेचारावर आले. एकास एक लढत म्हणतात ती अशी आकड्यांत दिसते.

दुसरा फरक काँग्रेसच्या घरातून पडला. २ फेब्रुवारीला जगजीवनराम मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि हेमवतीनंदन बहुगुणा, नंदिनी सत्पथी यांच्यासह ‘काँग्रेस फॉर डेमोक्रसी’ स्थापन केली. सरकारी नोकर, पोलीस, गावचा सरपंच, सगळ्यांना तोवर वाटत होतं की निकाल ठरलेला आहे. मंत्रिमंडळातला ज्येष्ठ मंत्रीच बाहेर पडल्यावर ही भीती सैल झाली. माझ्या मते संपूर्ण प्रचारातला सर्वांत निर्णायक दिवस तोच. भीती होती तोवर लोक बोलत नव्हते, आणि लोक बोलत नाहीत तेव्हा सत्ताधाऱ्यालाही काही कळत नाही.

सत्ताधारी पक्षाला अंदाज का आला नाही, हे यातून उलगडतं. वृत्तपत्रांवर जून १९७५ पासून सेन्सॉर होता. विरोधी बातमी छापून येत नव्हती, म्हणजे ती मंत्र्यांच्याही वाचनात येत नव्हती. खालचा अधिकारी वर गोड तेवढंच कळवत होता. नसबंदीचं उदाहरण घ्या. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी, पोलीस यांना ‘केसेस’ आणण्याचं उद्दिष्ट ठरवून दिलेलं असे. ते पुरं झालं नाही तर पगार अडे, बढती अडे. दिल्लीला जाणाऱ्या तक्त्यात ‘उद्दिष्ट १०० टक्के पूर्ण’ एवढंच दिसे. तो आकडा गाठताना गावात काय झालं, यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. कामगारांचा रागही होताच, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला होता.

राग किती, हे रायबरेलीत मोजता येतं. १९७१ मध्ये तिथे इंदिरा गांधींना १,८३,३०९ आणि राजनारायण यांना ७१,४९९ मतं होती. १९७७ मध्ये हेच दोघं समोरासमोर : राजनारायण १,७७,७१९, इंदिरा गांधी १,२२,५१७. पराभव ५५,२०२ मतांनी. इंदिराजींची मतं ६०,७९२ ने घटली, राजनारायण यांची मात्र १,०६,२२० ने वाढली. म्हणजे सत्ताधाऱ्याला सोडून गेलेली सगळी मतं विरोधकाला मिळाली असं धरलं, तरी पंचेचाळीस हजारांहून जास्त मतं आणखी कुठून तरी आली. ती आली इतर उमेदवारांकडून आणि वाढलेल्या मतदानातून. देशातही मतदान ५५.२७ टक्क्यांवरून ६०.४९ टक्क्यांवर गेलं होतं. पराभव मोजताना गेलेली मतं सगळे मोजतात, नव्याने बाहेर पडलेला मतदार मात्र हिशेबात विसरला जातो.

उत्तर प्रदेशात काँग्रेसला साधारण चारातलं एक मत मिळालं. जागा ८५ पैकी शून्य. बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, सगळीकडे शून्य. राजस्थानात २५ पैकी एक, मध्य प्रदेशात ४० पैकी एक. जिथे लढत दोघांतच होते आणि एका बाजूला साठ टक्क्यांवर मतं पडतात, तिथे दुसऱ्याच्या पंचवीस टक्क्यांना जागांच्या रूपात काहीच मोल उरत नाही. तीस वर्षं ज्या पद्धतीने काँग्रेसला तिच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त जागा दिल्या, तीच पद्धत या वेळी उलटी फिरली.

दक्षिणेत चित्र अगदी वेगळं. आंध्रात ४२ पैकी ४१ काँग्रेसला, फक्त नंद्यालमधून नीलम संजीव रेड्डी जनता पक्षातर्फे आले. कर्नाटकात २८ पैकी २६. केरळात काँग्रेस आणि मित्रपक्षांनी सर्व २० जागा घेतल्या. नसबंदीची सक्ती उत्तरेइतकी तिथे झाली नव्हती, कर्नाटकात मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या जमीन सुधारणांमुळे गरीब कुळं काँग्रेसच्या पाठीशी होती, आणि जनसंघ किंवा लोकदलाची शाखा गावात मुळात नव्हतीच. संघटना नसेल तर मतदान केंद्रावर बसायला माणूस मिळत नाही, तिथे एकीचाही उपयोग होत नाही.

महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधोमध, आणि म्हणून अभ्यासाला सर्वांत चांगला. ४८ पैकी काँग्रेस २०, जनता १९, शेतकरी कामगार पक्ष ५, मार्क्सवादी ३ आणि रिपब्लिकन पक्षाचा खोब्रागडे गट १. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. पण ग्रामीण भागात जनता पक्षाची मुळं उथळ होती. तिथे हट्ट न धरता ज्याचं जिथे बळ आहे त्याला ती जागा सोडली गेली. कुलाब्यात दि. बा. पाटील, नांदेडला केशवराव धोंडगे, लातूरला उद्धवराव पाटील, कोल्हापूरला दाजीबा देसाई हे शेकापचे. डहाणूत लहानू कोम आणि उत्तर-मध्य मुंबईत अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी पक्षाच्या. उत्तरेत सगळ्यांनी एका चिन्हाखाली यायचं हा मार्ग, तर इथे चिन्हं वेगळी पण जागा वाटून घेतलेल्या. दोन्ही मार्ग चालले, कारण दोन्हींत मतदारासमोर सत्ताधाऱ्याच्या विरोधात एकच ठळक नाव राहिलं. साताऱ्यात यशवंतराव चव्हाण मात्र आपली जागा राखून होते, आणि तेच मग लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. विरोधी पक्षनेत्याच्या पगाराचा आणि दर्जाचा कायदा याच वर्षी, १९७७ मध्ये झाला. पहिल्यांदाच सत्ताभ्रष्ट झालेल्या पक्षाला संसदेत मानाची जागा देणारा कायदा नव्या सरकारने केला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

सत्तांतर स्वतः शांतपणे झालं. २१ मार्चला मंत्रिमंडळाच्या शिफारशीवरून प्रभारी राष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी १९७५ ची आणीबाणी उठवली. १९७१ च्या युद्धकाळातली बाह्य आणीबाणी तोवर चालूच होती, ती २७ मार्चला उठली. २४ मार्चला मोरारजीभाईंचा शपथविधी झाला. पण राज्यसभेत बहुमत अजून काँग्रेसचंच होतं. त्यामुळे ४४ व्या घटनादुरुस्तीत सरकारला हवं होतं ते सगळं झालं नाही, घटनेच्या मूलभूत गोष्टी बदलण्याआधी सार्वमत घेण्याची तरतूद राज्यसभेने गाळली. तरी ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारण जाऊन ‘सशस्त्र उठाव’ आलं आणि मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा झाला.

आणि मग जानेवारी १९८०. जनता पक्ष फुटलेला. जनता पक्षाला १८.९७ टक्के मतं आणि ३१ जागा, चरणसिंगांच्या जनता (सेक्युलर)ला ९.३९ टक्क्यांवर ४१. मतं निम्मी पण जागा जास्त, कारण ती पश्चिम उत्तर प्रदेश आणि हरियाणाच्या पट्ट्यात एकवटलेली होती. दोघांची बेरीज २८ टक्क्यांच्या आसपास. काँग्रेसला ४२.६९ टक्के, म्हणजे १९७१ पेक्षाही एका टक्क्याने कमी, आणि तरी जागा ३५३. महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ इंदिरा काँग्रेसकडे गेल्या, आठ जनता पक्षाला राहिल्या, आणि उरलेली एक सातारची, इंदिराजींपासून वेगळ्या झालेल्या देवराज अर्स यांच्या काँग्रेसच्या यशवंतरावांची.