क्राउचिंग टायगर: घरी हसले, बाहेर रडले

तर मंडळी, ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ या २००० सालच्या चिनी पिक्चरमधली आत्ता आपण जी मारामारी बघितली ना, तिच्यात नक्की काय चाललंय ते जरा नीट बघू. मिशेल योह एकामागून एक हत्यारं उचलतीय, जोड तलवारी, भाला, आकड्याच्या तलवारी, आणि समोर झांग झियीच्या हातात ती एकच तलवार, पण ती अशी की समोरच्या हत्याराचे तुकडेच पाडते. मध्येच मिशेल एक अवजड लोखंडी दांडा उचलायला जाते तर तो तिलाच झेपत नाही, तिथं आत्तासुद्धा आपण सगळे हसलो. आणि शेवटी काय, मोडकी तलवार पोरीच्या गळ्याशी नेते आणि हात आवरते. मारू शकते पण मारत नाही. आणि ती पोरगी तेवढ्यात संधी साधून तिच्याच दंडावर वार करते! दोघींच्या स्वभावाबद्दल जे काय सांगायचंय ते इथं सांगून झालं, डायलॉग लागलाच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा पिक्चर चीनबाहेर चालला तो उडत्या माणसांमुळे नाही. उडती माणसं तर हाँगकाँगवाले कित्येक वर्षं दाखवत होते. बाहेर चालला कारण यात महत्त्वाचं जे आहे ते सगळं मारामारीतच बोललं जातं, आणि जे तोंडानं बोललं जातं ते बाहेरच्या लोकांनी ऐकलंच नाही, वाचलं.

आता हे काय ते सांगतो. दिग्दर्शक आंग ली, तैवानचा. त्याआधी त्यानं इंग्लंडमधला ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ केलेला, १९९५ चा, म्हणजे मनातलं मनात ठेवणाऱ्या माणसांचा त्याला चांगला सराव. पिक्चरची भाषा मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाणभाषा. पण हिरो चाऊ युन-फॅट हाँगकाँगचा, त्याची बोली कँटोनीज. मिशेल योह मलेशियाची, तिला मँडरिन येतच नव्हती, तिनं डायलॉग नुसते उच्चारावरून पाठ केले. चांग चेन तैवानचा. चौघांत बीजिंगची अशी एकटी झांग झियी, आणि ती तर तेव्हा अगदीच नवखी. पहिल्याच दिवशी भाषेपायी २८ टेक द्यावे लागले हे चाऊ युन-फॅटनं स्वतःच सांगितलेलं आहे. आणि हे सगळे बोलतायत काय, तर छिंग, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातली जुन्या वळणाची भारदस्त भाषा!

समजा शनिवारवाड्यात बाजीराव उभा आहे, प्रसंग एकदम गंभीर, आणि तो तोंड उघडतो तर मराठी पक्कं हैदराबादी. तुम्ही किती वेळ गंभीर राहाल? चीनमध्ये बऱ्याच प्रेक्षकांचं हेच झालं. वर पिक्चर संथ. पहिली मारामारी यायला पाव तास जातो, तोवर लोक चहा पितायत आणि आडून आडून बोलतायत. वुशिया म्हणजे तलवारबाज वीरांच्या गोष्टी, त्यावर वाढलेल्या माणसाला हे कसं चालणार? आणि बांबूच्या शेंड्यावरची ती लढाई, जिच्यावर बाहेरचे लोक फिदा झाले, तिच्यात त्याला नवं काय? किंग हू नावाच्या दिग्दर्शकानं १९७१ मध्येच ‘अ टच ऑफ झेन’मध्ये बांबूच्या बनात लढाई घेतली होती. आंग लीला हे अर्थातच माहिती, त्यानं ते लपवलंही नाही, उलट किंग हूच्या १९६६ च्या पिक्चरची हिरोईन चेंग पे-पे, तिलाच इथं खलनायिका जेड फॉक्स म्हणून घेतलंय. मला हे फार आवडतं, पण ते कळायला तुम्ही घरचेच असावे लागता.

अमेरिकेत काय झालं? सोनी पिक्चर्स क्लासिक्सनं डिसेंबर २००० मध्ये मोजक्या थिएटरांत लावला, सबटायटल घालून. तोवर तिकडची समजूत अशी की अमेरिकन माणूस थिएटरात वाचत नाही, म्हणून तर जॅकी चॅनचे पिक्चर डब करून लावायचे आणि ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ मुळातच इंग्रजीत काढला होता. इथं उलटंच झालं, बघून आलेले लोक दुसऱ्यांना पाठवायला लागले, थिएटरं वाढत वाढत दोन हजारांच्या वर गेली. साधारण १ कोटी ७० लाख डॉलरमध्ये बनलेला पिक्चर, नुसत्या अमेरिकेत १२ कोटी ८० लाखांच्या आसपास कमावले. परदेशी भाषेतल्या पिक्चरनं तिथं १० कोटी ओलांडायची ती पहिलीच वेळ. ऑस्करची दहा नामांकनं, चार मिळाली.

कोणी म्हणेल मग हा गोऱ्यांसाठीच बनवला होता. मला नाही पटत. एक तर तैवानमध्ये तो चालला आणि हाँगकाँगच्या अवॉर्डांतही बेस्ट फिल्म ठरला. दुसरं म्हणजे मारामाऱ्या बसवल्या युआन वू-पिंगनं, जो नुकताच हॉलिवूडचा ‘द मेट्रिक्स’ करून आलेला पण मुळातला पक्का हाँगकाँगी, आणि त्यानं नटांना खरोखर तारांवर टांगलं, बांबूच्या बनात क्रेन लावून, तारा तेवढ्या नंतर कॉम्प्युटरवर पुसल्या. मिशेल योहच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला, ऑपरेशन करून परत येऊन उभी राहिली बाई. हे सगळं कोणाच्या तरी समजुतीसाठी सोपं करून दिलेलं नाहीये. उच्चारांवर हसणारे चुकीचे होते असंही मी म्हणणार नाही, कानाला खटकलं तर खटकलं. फक्त सबटायटल वाचणाऱ्याच्या कानाला ते खटकायचं काही कारणच नव्हतं, त्याच्यासमोर चेहरे होते आणि तलवारी होत्या, त्याला तेवढं पुरलं.

आता गंमत बघा. २०१६ मध्ये याचा दुसरा भाग आला, नेटफ्लिक्सवर. युआन वू-पिंगनंच दिग्दर्शन केलं, जुन्यांपैकी मिशेल योह होती, शूटिंग बरंचसं न्यूझीलंडला, आणि या वेळी भाषा सरळ इंग्रजीच ठेवली, म्हणजे बाहेरच्यांना वाचायचाही त्रास नको. समीक्षकांनी नाकं मुरडली, ऑस्करबिस्करचं तर नावच नको. इथं कुणी बघितलाय तो? हात वर करा. बरं, दोन. त्या दोघांना नंतरचा चहा माझ्याकडून.