चित्रावर हात ठेवून बघा

(नागपुरातल्या एका वाचनालयात पालकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. रविवारची सकाळ, त्यात असं ऊन, आणि तरी सभागृह भरलंय. म्हणजे तुमच्या घरात केजी टूतलं नाहीतर पहिलीतलं कोणीतरी नक्की आहे, आणि ते वाचायला बसलं की घरातल्या सगळ्यांचा आवाज चढतो.

त्याच्या हातात वाचायला कोणतं पुस्तक द्यायचं, ते आज बघू. आधी माझी फजिती सांगते. मी तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. नातू पाच वर्षांचा झाला तेव्हा बर्डीच्या बाजारात गेले आणि इंग्रजी वाचनाच्या दहा पुस्तकांचा संच घेऊन आले. गुळगुळीत कागद, टपोरी अक्षरं, वर ठळक ‘फोनिक्स, लेव्हल वन’. फोनिक्स म्हणजे अक्षरांचे आवाज जुळवून वाचायला शिकवायची पद्धत. आठ दिवसांत पोरगा पुस्तक धडाधड म्हणायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “कसा फाडफाड वाचून राहिला न बाई हा!” मीही फुगले. मग एकदा त्याच्या हातून दोन पानं एकदम उलटली आणि समोर सिंह असताना गडी हत्तीचं वाक्य म्हणून मोकळा झाला. मी चित्रावर तळहात ठेवला आणि म्हटलं, आता वाच. पोरगा गप्प. माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

त्या पुस्तकात काय होतं? ‘हिअर इज अ लायन. हिअर इज ॲन एलिफंट.’ प्रत्येक पानावर शेवटचा शब्द तेवढा बदलायचा, आणि तो चित्र सांगायचं. ज्या पोराला एकेका अक्षराचा एकेक आवाज जेमतेम कळलाय, त्याने ‘हिअर’ कसं जुळवावं? ‘एलिफंट’मधला फ तर पी आणि एच मिळून होतो. तो वाचतच नव्हता, पाठ म्हणत होता. आणि ते पुस्तक निवडलं होतं तीस वर्षं शिकवलेल्या बाईने.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. पुस्तकातला जवळजवळ प्रत्येक शब्द मुलाला आजवर शिकलेल्या आवाजांवरून जुळवता आला पाहिजे. अशा पुस्तकांना इंग्रजीत डिकोडेबल म्हणतात, मी जुळवणीची पुस्तकं म्हणते. वेष्टनावर फोनिक्स छापलंय म्हणून पुस्तक जुळवणीचं होत नाही.

आपल्याला हे नवं नाही. पूर्वापार मराठी शिकवणाऱ्या बाई क ख ग घ ङ पासून सुरुवात करत नसत. ग म भ न घेत. का? क ते ङ या पाच अक्षरांतून मुलाच्या ओळखीचा एक शब्द काढून दाखवा. आणि ग म भ न मधून बघा: मन, मग, नभ, गगन, नमन. चार अक्षरांत वाचन सुरू. इंग्रजी फोनिक्सवाले नेमकं हेच करतात. ते ए बी सी डी या क्रमाने जात नाहीत, कारण त्या चारांतून ‘बॅड’, ‘कॅब’ असे मोजकेच शब्द निघतात, वर बी आणि डी एकमेकांचे आरशातले भाऊ. अनेक अभ्यासक्रम एस, ए, टी, पी, आय, एन या सहांपासून सुरू होतात. त्यातून सॅट, टॅप, पिन, टिन, नॅप, अगदी स्पिनसुद्धा निघतो. इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44, म्हणून पुढे दोन-दोन अक्षरांच्या जोड्या येतातच. पण त्या पुढे.

मराठी घरात एक गोष्ट फार आडवी येते. आपलं अक्षर मुळातच अ घेऊन जन्माला येतं. म्हणून आपण बीचा आवाज ‘ब’ असा पूर्ण सांगतो, टीचा ‘ट’. मग मूल जुळवतं: ब, ॲ, ट. होतं ‘बॲट’, आणि आई वैतागते, “अरे, बॅट!” यात त्याची चूक नाही. आवाज पाय मोडून सांगायचा. ब्, ॲ, ट्. ज्या भाषेने आपल्याला पाय मोडायला शिकवलं तिचा एवढा तरी उपयोग करू. ॲ आणि ऑ तर 2009 च्या शासन निर्णयाने आपल्या वर्णमालेतच आलेत, त्यामुळे पेन आणि पॅन यांतला फरक आपल्या पोरांना देवनागरीत लिहूनही दाखवता येतो. अक्षराचं नाव आणि आवाज यांतही गल्लत नको. ‘डब्ल्यू’ या नावात व कुठे ऐकू येतो? तसंच तक्त्यावरचं ‘एक्स फॉर एक्स-रे’. तिथे अक्षराचं नावच ऐकू येतं. बॉक्स किंवा फॉक्सचं चित्र असेल तर खरा आवाज शेवटी सापडतो.

आता दुकानात जाताना काय करायचं. आधी शाळेत कोणती अक्षरं, कोणते आवाज झाले ते चिठ्ठीवर लिहून घ्या. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे गल्लीतली कोणतीही इंग्रजी शाळा, आणि प्रत्येकीचा क्रम वेगळा. चिठ्ठी हातात धरून पुस्तकाचं मधलं पान उघडा, पहिलं नको, पहिलं सगळ्यांचंच सोपं असतं. चिठ्ठीबाहेरचे आवाज किती आहेत ते मोजा. चांगल्या पुस्तकात, बहुधा मागच्या पानावर, कोणते आवाज वापरलेत ते दिलेलं असतं. ‘द’, ‘सेड’, ‘वॉज’ असे नियमात न बसणारे शब्दही वेगळे सांगितलेले असतात. असे दोन-चार शब्द चालतात, त्यांच्याशिवाय वाक्यच होत नाही. लेव्हलच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. एका प्रकाशकाची लेव्हल दोन ती दुसऱ्याची चार असू शकते, चपलेच्या नंबरासारखं. माझा अंदाज असा, की दहा शब्दांत दोनपेक्षा जास्त अडले तर ते पुस्तक महिनाभर कपाटात ठेवावं.

चित्रं नकोत असं नाही. चित्राने गोष्ट रंगवावी, शब्द फोडू नये. ‘सॅम सॅट’ एवढंच लिहिलंय आणि चित्रात सॅम चिखलात बसलाय, तर मूल वाचून झाल्यावर हसतं. हे चित्र ठीक.

इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांची एक छोटी चाचणी होते. 40 शब्द वाचायचे, त्यातले 20 बनावट, कुठल्याच अर्थाचे नाहीत. हेतू हाच, की पाठांतर आणि अंदाज तिथे चालू नये. घरी करून बघा. मराठीत ‘टमगन’ लिहा, इंग्रजीत ‘नॅप’ची अक्षरं उलटीसुलटी करून असाच बिनअर्थाचा शब्द बनवा. जुळवणारं पोर ते वाचून खिदळतं, पाठ म्हणणारं तुमच्या तोंडाकडे बघतं.

यावर काही आया म्हणतात, अहो, पण ‘पॅट टॅप्स द टिन’ यात काय गोष्ट आहे? खरंय, नाही. म्हणून घरात दोन पिशव्या ठेवा. एक त्याने वाचायची, दुसरी तुम्ही वाचून दाखवायची. दुसऱ्या पिशवीत राक्षस, जंगल, लांबलचक वाक्यं, मराठी, हिंदी, काहीही. तिथे जुळवणीची अट नाही. शब्दांचा साठा तिथून येतो, आणि साठा नसेल तर जुळवून वाचलेल्या शब्दाचा अर्थ लागणार कसा? घोटाळा होतो तो दुसऱ्या पिशवीतलं पुस्तक पहिल्या पिशवीत टाकल्याने.

मराठी पुस्तकांचीही तीच गत आहे. ‘माझं पहिलं पुस्तक’ म्हणायचं आणि पहिल्याच ओळीत ‘अरण्यात’. आधी काना-मात्रा नसलेले शब्द, मग काना, मग वेलांटी असा क्रम पाळणारं पुस्तक शोधा. पहिली वेलांटी तर खोडीलच, लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. रफाराचंही तसंच, ‘वर्ग’मधला र बसतो गच्या डोक्यावर आणि उच्चारायचा त्याच्या आधी. चहातला च वेगळा, चाकातला वेगळा. मराठी जशी लिहितो तशीच वाचतो, हे आपण कौतुकाने म्हणतो, पहिलीतल्या पोराला विचारा.

मागच्या रांगेतल्या आजोबांनी चिठ्ठी पाठवलीय. लिहितात, आम्ही अकोल्याकडचे, घरी शाळेला शाया म्हणतो. नात ‘शाळा’ लिहिलेलं ‘शाया’ वाचते. पुस्तक कठीण पडतंय का?

आजोबा, चित्र झाकून ‘गोळा’, ‘मुळा’, ‘काळा’ वाचायला द्या. तिने ‘गोया’, ‘मुया’, ‘काया’ वाचलं, तर तिने प्रत्येक अक्षर बघितलंय आणि ळ ला तुमच्या घरचा आवाज दिलाय. ते वाचनच आहे. ळ कसा लिहायचा, शाळेत कसा म्हणायचा, ते ती सावकाश शिकेल. पुस्तक बदलू नका. पुढचं द्या.